चांगल्या बातमीचे वाळिंबे सर

दारात वाळिंबे सर दिसले की कोथरूडमधले पालक आधी घाबरत. शाळेतला माणूस आपण होऊन घरी येतो, म्हणजे मुलाने कुठेतरी काच फोडली, डोकं फोडलं, किंवा दोन्ही. आई लाटणं हातात घेऊनच बाहेर येई, वडील बनियनवर चढवायला शर्ट शोधू लागत आणि आतल्या खोलीत तो मुलगा गेल्या आठवड्यातले आपले सगळे गुन्हे आठवू लागे. तेवढ्यात सर उंबऱ्याबाहेरूनच म्हणत, "बसत नाही. बातमी आहे. चांगली आहे."

ती दोन वाक्यांत सांगून ते जिना उतरू लागत. चहाचा आग्रह झाला तर म्हणत, "चहा घेतला की पुढच्या घरी बातमी शिळी पोचते."

आमची शाळा मराठी माध्यमाची. सर भूगोल शिकवत. मी पर्यवेक्षिका, त्यामुळे वेळापत्रकं, याद्या, कोणाच्या गणवेशाची मापं दिली, असली कामं माझ्याकडे. सरांच्या या फेऱ्या माझ्या कुठल्याच वेळापत्रकात बसत नव्हत्या. एकदा मी त्यांना विचारलं, "सर, हे सगळं प्रगतिपुस्तकात लिहिता येणार नाही का?"

"बाई," ते म्हणाले, "तक्रार असली की आपण पालकांना समक्ष बोलावतो. कौतुक मात्र शेऱ्याच्या रकान्यात 'ठीक' म्हणून कोंबतो. हा कुठला न्याय?"

त्यांच्या बातम्याही त्यांच्यासारख्याच. बोर्डात कोण चमकलं वगैरे ते नेत नसत. "ते पेपरात येतं," म्हणत. एकदा पाचवीतल्या एका मुलीच्या आईला सांगून आले, "तुमच्या मुलीने आज वर्गात हात वर केला." आईने विचारलं, "मग? उत्तर आलं का?" "नाही. पण हात वर केला." ती मुलगी शाळेत आल्यापासून वर्गात एक अक्षर बोलली नव्हती. आई दारातच रडायला लागली.

दुसऱ्या एका घरी त्यांनी भर दुपारी दोन वाजता बेल वाजवली. पुण्यात याला धाडस म्हणतात. निवृत्त आजोबांनी दार बोटभर उघडलं.

"ही काय वेळ झाली?"

"आपल्या नातवाला अपूर्णांकांची बेरीज जमायला लागली."

"चार वाजता सांगितलं असतं तर बेरीज बदलली असती का?"

सर खूश होऊन म्हणाले, "नाही. उत्तर बरोबर आहे. नातू तुमच्यावर गेलाय."

ज्या वर्षाची ही गोष्ट आहे, त्या वर्षी शाळेची घोडदौड चालू होती. कबड्डीचा संघ जिल्ह्यात दुसरा आला. शिष्यवृत्तीच्या यादीत आमची इतकी मुलं होती की ती नावं लिहायला फलक पुरला नाही. आणि नववी ब मधल्या प्रज्ञा गायकवाडने पाण्याची टाकी भरली की भोंगा वाजवणारं यंत्र केलं. ते जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनात पहिलं आलं. आजूबाजूला इंग्रजी शाळांच्या पिवळ्या बस फिरत होत्या, आमच्या तुकड्या दरवर्षी बारीक होत होत्या, नववी ब तर जेमतेम तिशीवर आली होती. अशा वेळी हा अभिमान आम्ही जरा मोठ्या आवाजातच मिरवत होतो. बक्षीस समारंभ पंधरवड्यावर आला होता, त्यामागोमाग स्नेहसंमेलन होतं, आणि मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, ठरवलं होतं की या वर्षी सगळं आधुनिक करायचं.

आधुनिक म्हणजे एसेमेस. हिंजवडीला नोकरी करणाऱ्या आमच्या एका माजी विद्यार्थ्याने, अमेयने, कार्यालयातल्या संगणकावर तशी सोय करून दिली. एक बटण दाबलं की पालकांच्या मोबाइलवर निरोप. त्याने सरांना मोठ्या कौतुकाने ते दाखवलं.

"सर, आता तुम्हाला उन्हातान्हात फिरायला नको. बघा, पोचला मेसेज."

"चेहरा कसा झाला त्यांचा?"

"सर, एसेमेसमध्ये चेहरा दिसत नाही."

"मग बातमी सांगितलीस कुणाला?" असं म्हणून सर तासाला निघून गेले.

प्रज्ञाच्या यंत्राची राज्य प्रदर्शनासाठी निवड झाल्याचं कळलं तो दिवस शनिवार होता. शाळा सकाळची, त्यामुळे मुलं घरी गेली होती. नव्या सोयीचा शुभारंभ यानेच करायचा ठरलं. आमचे लेखनिक भिडे संगणकासमोर बसले, इंग्रजी अक्षरांत मराठी मजकूर लिहिला, 'अभिनंदन! आपल्या पाल्याची राज्य विज्ञान प्रदर्शनासाठी निवड झाली आहे', आणि प्रज्ञाच्या नावासमोर खूण करायची ती नववी ब समोर करून बटण दाबलं.

पहिला फोन आला तेव्हा भिड्यांना वाटलं, वडील आभार मानतायत. दुसरा आला तेव्हा ते उभे राहिले. तिसऱ्या फोनवर एक आई विचारत होती, राज्य प्रदर्शनाला जाताना मुलाबरोबर स्वेटर द्यायचा का. भिडे रिसीव्हर हातात धरून माझ्याकडे बघत राहिले.

"बाई," ते म्हणाले, "अख्खा वर्ग निवडला गेलाय."

मोठ्या बाईंनी एका मिनिटात निर्णय दिला: दुरुस्तीचा एसेमेस पाठवा. भिड्यांनी मजकूर तयार केला. 'कृपया मागील संदेश रद्द समजावा.'

वाळिंबे सर तिथेच नकाशे गुंडाळत होते. ते म्हणाले, "रद्द कुणाला समजायचं? पोराला?"

"मग काय करायचं, वाळिंबे?" मोठ्या बाई वैतागल्या. "चूक झाली ती सांगायला नको?"

"सांगायला हवीच. पण अशी नको. आत्ता तीस घरांत त्या पोरांची पाठ थोपटली जातेय. काहींची पहिल्यांदाच. तासाभरात त्याच घरांत 'तरीच म्हटलं, तू कसला निवडला जातोस' ऐकू येईल. हे वाक्य सोमवारी दप्तरातून शाळेत येतं आणि दहावी झाली तरी जात नाही." त्यांनी नकाशा खाली ठेवला. "मला संध्याकाळपर्यंत वेळ द्या."

"आणि तुम्ही काय करणार?"

"जाईन. चूक सांगेन. पण नुसती चूक घेऊन मी कुणाच्या दारात जात नाही. प्रत्येकासाठी एक चांगली बातमी नेईन."

मोठ्या बाई म्हणाल्या, "दिवेलागणीपर्यंत. नंतर भिडे बटण दाबतील."

शिक्षक घरी निघाले होते. सरांनी दारात उभं राहून त्यांना अडवलं. नववी ब मधल्या एकेकाचं नाव घ्यायचं आणि विचारायचं, याचं काय चांगलं? "खरं पाहिजे. बनावट माल मी नेत नाही." मंदार नावाच्या एका महाभागापाशी गाडी अडली. गणिताचे शिक्षक बराच विचार करून म्हणाले, "तो काल गैरहजर होता."

"ही तुमच्यासाठी चांगली बातमी झाली. त्याच्या घरच्यांसाठी सांगा."

शेवटी शिपाईमामांनीच सांगितलं, की रोज सुटल्यावर वर्गाचे पंखे न सांगता बंद करून जाणारा मुलगा मंदारच. सरांचा चेहरा उजळला.

त्यांची मोपेड नेमकी रुसली, म्हणून मी माझी स्कूटी काढली. कोणता पत्ता कोणत्या गल्लीत, कशानंतर काय घ्यायचं, हे मी आखून घेतलं होतं. मागे बसलेले सर तरीही प्रत्येक वळणावर "डावीकडे, बाई" म्हणत होते, उजवीकडे वळायचं असतानाही. भूगोल शिकवणं वेगळं.

पहिल्याच घरी मंदारची आई हरखून दार उघडती झाली. सरांनी आडपडदा न ठेवता चूक सांगितली. तिचा चेहरा पडला. "अहो सर, मी सांगलीला नणंदेला फोन केलाय!"

"मग परत करा. निवड वर्गातल्या एका मुलीची झाली. पण आमच्या शाळेचे पंखे बंद करायला कुणी सांगितलेलं नाही, तुमचा मुलगा रोज करतो. आम्हा शिक्षकांना अजून जमलेलं नाही. हेही सांगलीला कळू दे."

आईने वळून मंदारकडे पाहिलं. "घरातला तर कधी करत नाहीस रे!" ती म्हणाली, पण हसत म्हणाली. मंदार कान लाल करून पंख्याकडे बघत होता.

एका सोसायटीत आजोबांनी पेढे वाटून टाकले होते. "आता ते परत मागू का?" ते कडाडले.

"मुळीच नाही. पेढे बरोबर वाटलेत, निमित्त तेवढं बदला. कबड्डीच्या अंतिम सामन्यात याचा पाय मुरगळला. बाहेर जाताना याने आपली गुडघ्याची पट्टी काढून बदली खेळाडूच्या गुडघ्यावर स्वतः बांधली. सामना आपण हरलो. हे मी पाहिलंय."

आजोबांनी नातवाकडे पाहिलं. मग आत जाऊन उरलेले पेढे घेऊन आले. सरांनी घेतला नाही. मी घेतला. मी दुपारची जेवले नव्हते.

असं घरामागून घर चाललं. सगळीकडेच असं गोड झालं नाही. एका वडिलांनी "शाळा कसली चालवताय" म्हणून सुनावलं. सरांनी सगळं ऐकून घेतलं, म्हणाले, "बरोबर आहे तुमचं," आणि तरीही आपली बातमी सांगूनच हलले. एका घरात मुलगा स्वतःच म्हणाला, "सर, मी काही बनवलंच नव्हतं. मला वाटलं, तुम्ही चांगलं वागण्यावर निवडलं असेल." तो जिना सर एकेक पायरी सावकाश उतरले.

शेवटचं घर सानिकाचं. सरांचं सांगून झालं, आईने मान डोलावली, आम्ही वळलो, आणि आईच्या मागून सानिका म्हणाली, "पण सर, प्रज्ञाला मेसेज आलाच नाही."

"काय?"

"मी तिच्या घरी फोन केला होता. ती म्हणाली, सगळ्यांना आला, फक्त मला नाही. आणि फोन ठेवून दिला."

प्रज्ञाच्या घरी जायचं मी आखलंच नव्हतं. तिला तर खरी बातमी गेली, अशी आमची समजूत. म्हणजे जिची निवड झाली होती, ती एकटीच दुपारपासून समजत होती की तिला वगळून अख्खा वर्ग निवडला गेला. सर जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरले. या वेळी त्यांनी डावीकडे म्हटलं नाही आणि उजवीकडेही म्हटलं नाही.

गायकवाडांनी दार उघडलं. पाटबंधारे खात्यातले शांत गृहस्थ. "या सर. ती कुणाशी बोलत नाहीये. जेवलीही नाही." सरांनी नंबर विचारला तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. "ऑफिसने नवा मोबाइल दिला. शाळेला कळवायचं राहिलं."

समोर टेबलावर ते यंत्र होतं. म्हणजे यंत्र कसलं, आता नुसते सुटे भाग होते: तरंगणारा डबा, वायरी, भोंगा, बाजूला स्क्रू नीट वाटीत ठेवलेले. प्रज्ञा बाहेर आली. डोळे सुजलेले.

"प्रज्ञा, वर्गातून एकीचीच निवड झालीय. तुझी. बाकीच्यांचे मेसेज चुकून गेले."

"सगळ्यांचे?"

"सगळ्यांचे."

"मग सानिकाला वाईट वाटलं असेल."

सर भिंतीवरच्या कॅलेंडरचा अभ्यास करू लागले. बराच वेळ केला.

"सर, पण मी ते सुटं केलंय," ती हळूच म्हणाली.

"मग जोड. राज्याला नुसतं यंत्र दाखवून भागत नाही, जोडता यावं लागतं."

तिने जोडायला घेतलं. वडील वाटीतले स्क्रू एकेक करून देत होते, आईने बादलीत पाणी ओतलं. डबा वर आला आणि भोंगा असा काही कोकलला की खालच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं, "अहो गायकवाड, टाकी भरली! मोटर बंद करा!"

त्या घरात एकदम हशा झाला. मी बाहेर जिन्यात येऊन मोठ्या बाईंना फोन केला, दुसऱ्या एसेमेसची गरज नाही म्हणून कळवलं. असं वाटलं की या शाळेत नोकरी करते हे जिन्यातून येणाऱ्या-जाणाऱ्यांना थांबवून सांगावं.

सरांना सोडायला मी सदाशिव पेठेत गेले. इमारतीखाली ते उतरले, पण फाटकाशीच घुटमळले. वर त्यांची खिडकी अंधारी होती. वहिनी जाऊन दोन वर्षं होत आली होती.

"ही असती ना," सर म्हणाले, "तर आज माझी धडगत नव्हती. एकेका घराचं सांगावं लागायचं. दार कुणी उघडलं, काय म्हणाले, कोण रडलं, पडदे कुठल्या रंगाचे होते. मला पडदे कधी आठवायचे नाहीत. मी आपला ठोकून द्यायचो, निळे." ते थोडं हसले. "आता बातमी देऊन येतो. इथपर्यंत येतो. बरं, जा बाई, उशीर झाला."

दुपारपासून प्रत्येक दारात मी त्यांच्या शेजारीच उभी होते. तरी मी स्कूटी बंद केली, स्टँडवर लावली आणि सीटवर टेकले.

"सर, मला अगदी पहिल्यापासून सांगा."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग पिशवी फाटकाच्या टोकाला अडकवली, चष्मा पुसला, आणि रस्त्यावरच्या दिव्याखाली उभे राहून सांगायला लागले.