पोपटांचे पेरू

पंच्याऐंशीच्या सुमारास आमच्या मालाडच्या चाळीत नळाला धो धो पाणी यायचं, तेव्हाही इस्माईलचाचा एका तांब्यात नमाजाआधीचा वजू उरकायचे. तोंड, हात, पाय सगळं त्यातच, आणि वर घोटभर उरायचं ते जास्वंदीला. जन्म बोटीवर खलाशी म्हणून काढलेला माणूस, पण कुणाचा नळ वाहता दिसला की यांचा जीव खालीवर.

"वाहत्या नदीवर बसलास तरी जास्त पाणी घ्यायचं नाही, असं आम्हाला शिकवलंय."

"चाचा, चाळीत नदी कुठाय?"

"म्हणून तर नळ बंद कर!"

दाराशी मुंग्यांची रांग लागली की चाचा लांब ढांग टाकून बाहेर पडायचे. आम्ही हसलो की ठरलेलं वाक्य यायचं, "या दुनियेचा मालक नाहीस रे तू, राखणदार आहेस." माझ्या बायकोने ते उचललं आणि घरातला माझा दर्जा कायमचा ठरून गेला.

स्वतःच्या दारातल्या पेरूची राखण मात्र ते अजिबात करत नसत. पोपट निम्मं फळ खात, निम्मं पाडत, आणि चाचा बाकड्यावर बसून खुशाल बघत. मला वाटलं, वय झालं, हाकलायला उठवत नसेल.

एका शुक्रवारी ते नमाजाला गेले असताना मी मनोरीच्या मित्राकडून मासेमारीचं जुनं जाळं आणलं, शिडी लावून झाडावर पसरलं आणि शाबासकीची वाट बघत उभा राहिलो. चाचा आले. वर बघून मटकन बाकड्यावर बसले.

"काढ रे ते."

"अहो, पेरू वाचले की तुमचे!"

"पाखराने फळ खाल्लं की झाड लावणाऱ्याच्या नावे सदका होतो. दानच ते."

"मग झालं की भरपूर पुण्य. आता चार पेरू खा स्वतः."

"मी कुठे लावलंय?" चाचा म्हणाले. "मी बोटीवर. झाड तुझ्या चाचीने, जमीलाने लावलं. ती होती तोवर माझ्या हातून तिच्यासाठी काही झालं नाही. आता ही पाखरं करतात, तेवढंही बंद करतोस?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुन्हा शिडी लावली. खालच्या गाठी चाचांनी सोडल्या, वरच्या मी.

तासाभराने पहिला पोपट आला. चाचांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"हलू नको," ते कुजबुजले. "खाऊ दे. जमीलाला पोचतंय."