सहाव्या प्लेटवरचा नारळ

"या वेळी माझ्या पेशी फुगे करणार म्हणजे करणारच!" योगिनीने कॅन्टीनमध्ये जाहीर करून टाकलं.

नाशिकच्या एका कॉलेजातल्या प्रयोगशाळेत ती तीन वर्षं फुप्फुसाच्या पेशी वाढवत होती. पेशींचंही माणसासारखंच! कुठे बसवलं, यावर सगळा स्वभाव. भोवती मऊ जेलीचं जाळं मिळालं की त्या एकत्र येऊन इवले फुगे करतात. टणक प्लास्टिकवर टाकल्या की पसरून चपट्या होतात. निदान योगिनीचं म्हणणं तसं होतं. ते सोमवारी तिच्या मार्गदर्शकांना, रंगनाथ सरांना, दिसलं नाही, तर पीएच.डी.चा विषयच बदलायचा होता. तीन वर्षं पाण्यात!

तिने सहा प्लेट्समध्ये पारदर्शक जेलीचा पातळ थर दिला आणि त्या फ्रीजमध्ये ठेवल्या. खंडेनवमीच्या संध्याकाळी घाईघाईत पेशी सोडल्या आणि घरी पळाली.

आठवड्याने, रविवारी, तिने मायक्रोस्कोपला डोळा लावला. पाच प्लेट्समध्ये पेशी पापडासारख्या चपट्या! फक्त सहावीत टपोरे, गोल फुगे.

"मोतीराम! माझ्या प्लेट्सना कोणी हात लावला?"

"मीच की!" पेठ तालुक्याकडचे मोतीराम प्रयोगशाळेचे जुने मदतनीस. ते अभिमानाने पुढे आले. "नवमीला हत्यारं घासून पूजतात ना, मॅडम. त्या दिवशी सकाळी फ्रीज उघडला तर तुमच्या प्लेटांना लय चिकट लागलेलं. तशा कशा देवापुढं ठेवायच्या? चांगल्या घासल्या, स्पिरिट मारलं, निळ्या दिव्याखाली ठेवल्या. जंतू नाय राहू दिला एक!"

"अहो, ते चिकट म्हणजेच माझा प्रयोग होता! आणि सहावी का नाही घासली?"

"नारळ गडगडत व्हता. तिच्यावर टेकवला. आरती झाल्यावर बाकीच्यांसंगं तशीच उचलून फ्रीजात ठेवली."

 योगिनीला रडू येत होतं, पण मोतीरामांवर चिडता येईना. त्यांनी प्लेट्सना झेंडूसुद्धा वाहिला होता.

सोमवारी तिने सरांना सगळं खरं सांगून टाकलं. सरांनी सहाही प्लेट्स एकेक करून मायक्रोस्कोपखाली पाहिल्या. मग एकदम ओरडले, "वा! जेली असलेली आणि नसलेली शेजारी शेजारी ठेवा, म्हणून तीन वर्षं सांगतोय. तुम्ही ऐकलं नाहीत, मोतीरामांनी न सांगता केलं!"

"म्हणजे विषय..."

"राहिला! पण एकदा होऊन भागत नाही. अजून दोनदा करा. आणि जसं झालं तस्संच लिहा, तस्संच करा. काहीही बदलायचं नाही!"

योगिनीचा जीव भांड्यात पडला. तिने वही उघडली आणि साहित्याची यादी लिहायला घेतली: पेशी, जेली, प्लेट्स सहा, घासणी. मग जरा थांबून, इकडेतिकडे बघत, हळूच लिहिलं: नारळ, एक.

खांद्यावरून डोकावत मोतीराम म्हणाले, "शेंडीचा लिहा, मॅडम. सर म्हणले ना, काय बदलायचं नाय!"