शून्य उशीर

आकडे माझ्या हाती द्या आणि निवांत बसा! कशाचंही मोजमाप मी असं करतो, की त्या गोष्टीलाच स्वतःची लाज वाटावी. म्हणून तर आमच्या पंपांच्या कारखान्यात मोठ्या साहेबांनी मलाच केबिनमध्ये बोलावलं.

"खरेदीवाल्या चौघांच्या कितीतरी ऑर्डरींची तारीख उलटून गेलीय आणि मालाचा पत्ता नाही. सप्लायरच्या मागे कोण लागतंय आणि कोण नुसतं बसून आहे, हे कळायचं कसं?"

"त्यात काय साहेब! ज्याच्या उशिरा झालेल्या ऑर्डरी कमी, तो पहिला. सोमवारी तक्ता भिंतीवर!"

सोमवारी तक्ता लागला आणि अख्खं ऑफिस तोंडात बोट घालून उभं राहिलं. पहिला नंबर होईलभाऊंचा! हे आमचे सगळ्यात जुने खरेदीवाले. कुठल्याही प्रश्नाला ‘होईल, होईल’ हे एकच उत्तर. फोन उचलताना यांना असा दम लागतो, जणू पोतं उचलतायत. त्यांच्या उशिरा झालेल्या ऑर्डरी शून्य! आणि शेवटचा नंबर वहीताईंचा. ही बाई सकाळपासून संध्याकाळपर्यंत सप्लायरना धारेवर धरते, प्रत्येक बोलणं वहीत टिपून ठेवते. तिच्या नावावर एकसष्ट!

साहेबांनी होईलभाऊंना सगळ्यांसमोर पेन दिलं. टाळ्या मीच सुरू केल्या.

टाळ्या थांबल्या तशा ताई म्हणाल्या, "आकडेशास्त्री, जरा इकडे या."

त्यांनी होईलभाऊंची एक ऑर्डर उघडून दाखवली. पंपाची गळती रोखणाऱ्या सीलची. तिची तारीख अकरा वेळा बदललेली!

"माल येत नाही, म्हणून हे दर शुक्रवारी तारीखच पुढे ढकलतात. मग उशीर होणार कुठून? मी तारखेला हात लावत नाही, म्हणून मी ढ!"

"बघतो," मी म्हणालो आणि काहीच बघितलं नाही. लावलेला तक्ता उतरवायचा म्हणजे आपलंच नाक आपणच कापायचं!

पुढच्या सोमवारी चौघांचेही आकडे शून्य. हो, ताईंचाही! "तुम्हाला हेच हवंय ना? घ्या!" म्हणाल्या. साहेब आनंदाने लहान मुलासारखे टुणकन उठले आणि त्यांनी थेट मालकीणबाईंना फोन लावला. "बाई, उशीर संपला!"

बाई लगेच आल्या. पण तक्त्याकडे न बघता सरळ जोडणी विभागात गेल्या. तिथे चाळीस पंप रांगेत उभे होते, सीलवाचून अडलेले.

"उशीर शून्य ना?" फोरमन कमरेवर हात ठेवून म्हणाला. "मग हे चाळीस जण काय रुसून बसलेत?"

बाईंनी साहेबांकडे बघितलं. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या मागे भिंत होती.

"गुरुवारपर्यंत मला खरा आकडा हवा," बाई शांतपणे म्हणाल्या. "नाहीतर आकड्यांसाठी मी दुसरं माणूस बघते."

दोन दिवस मी खुर्ची सोडली नाही. ताईंची वही शेजारी ठेवली. सप्लायरने पहिल्यांदा कबूल केलेली तारीख, तीच खरी. नंतर ती कितीही ढकला! शिवाय तारीख किती वेळा बदलली आणि शेवटचा फोन कधी झाला, हेही लिहिलं. प्रत्येक ओळीत सप्लायरचं नाव, माल, उशिराचे दिवस, आणि शेवटी माझा लाल अक्षरातला प्रश्न : ‘कारण काय?’

बुधवारी सकाळी यादी खरेदीवाल्या चौघांना मेलने पाठवली आणि हातपाय ताणले.

पाच मिनिटांत ऑफिसातले सगळे फोन एकदम वाजू लागले.

"आकडेशास्त्री!" ताई ओरडल्या. "यादी कोणाला पाठवलीत?"

मी पाठवलेला मेल उघडून बघितला. ‘खरेदी’ऐवजी ‘सप्लायर’वर बोट पडलं होतं. दोनशे बारा सप्लायर! प्रत्येकाला आपली अब्रू कळली होती आणि शेजाऱ्याचीही!

"माझा बेअरिंगवाला रडकुंडीला आलाय!" ताई फोनवर हात ठेवून म्हणाल्या. "म्हणतो, स्पर्धकाने फोन करून विचारलं, ‘सत्तर दिवस? झोपला होतास का?’ आजच गाडी भरतोय म्हणे!"

होईलभाऊ तर आयुष्यात पहिल्यांदा दोन फोनवर एकदम बोलत होते. सीलवाला हात जोडून विनवत होता, नाव तेवढं खोडा!

गुरुवारी सकाळी गेटपासून कोपऱ्यापर्यंत ट्रकच ट्रक! स्टोअरकीपर दोन्ही हात पसरून आडवा उभा. "ठेवू कुठे? माझ्या डोक्यावर?" एका सप्लायरने तर बंद पडलेल्या मॉडेलचे पंखे आणले होते. चार वर्षं जुनी ऑर्डर!

पण त्या गर्दीतून सीलची खोकी आत गेली. दुपारपर्यंत चाळीसही पंप जोडून झाले. फोरमनने मला अशी मिठी मारली, की माझा शर्ट ग्रीसने काळा झाला. नव्या तक्त्यावर वहीताई पहिल्या आल्या. साहेबांनी नवं पेन आणलं, पण त्या म्हणाल्या, "पेन राहू दे, नवी वही द्या."

मालकीणबाईंनी यादी हातात घेतली. "ही सगळ्या सप्लायरना पाठवायची कल्पना कोणाची?"

ताई माझ्याकडे बघून गालात हसत होत्या.

"माझीच, बाई," मी छाती पुढे काढून म्हणालो.

"उत्तम! आता दर सोमवारी जाऊ दे."

त्या संध्याकाळी मी रस्त्याने चालत नव्हतो, तरंगत होतो! घरी पोचलो. बायकोने दार उघडलं, पण वाट दिली नाही.

"अहो, बाबांचा तीनदा फोन येऊन गेला."

आता तुम्हाला सांगायला हरकत नाही. यादीतली सातवी ओळ : पॅकिंगची खोकी, चौऱ्याण्णव दिवस उशीर, ‘कारण काय?’ आमच्या कारखान्याला खोकी माझे सासरे पुरवतात.