पाऊण तासाचे दोन तास दहा मिनिटं

दोन शहरांमधलं हवाई अंतर निसर्ग ठरवतो. ते कापायला लागणारा वेळ मात्र विमान कंपनीच्या वेळापत्रक विभागाला ठरवावा लागतो. हे जोखमीचं काम एकोणीस वर्षं तिथल्या हेडक्लार्ककडे होतं. कचेरी त्यांना मिनिटराव म्हणायची.

त्यांच्या थोरल्या बहिणीचं शहर चारशे दहा किलोमीटरवर (आजही तेवढंच आहे, तिथे विभागाचं काही चालत नाही). विमानाला पाऊण तास लागायचा आणि वेळापत्रकातही पाऊण तासच छापलेला. त्यामुळे पाच मिनिटं उशीर झाला की प्रवासी डोक्यावर बसायचे. मिनिटरावांनी डोकं लढवलं. विमानाला हातही न लावता छापील वेळ सव्वा तास केली. झालं! त्र्याण्णव टक्के विमानं वेळेवर. पुढे ती दोन तास दहा मिनिटं केली, तेव्हा विमानं वेळेआधी पोचू लागली. कंपनीने खूश होऊन त्यांना वक्तशीरपणाबद्दल पितळी विमान दिलं (ते टेबलावर असतं, त्यालाही कधी उशीर होत नाही).

ताईचा दर रविवारी फोन. "अरे, येतोस कधी?"

"येतो गं, पाऊण तासाचं तर अंतर!" यात सहा वर्षं गेली.

मग एका मंगळवारी ताई म्हणाली, "शुक्रवारी लेकाकडे चाललेय, कायमची. तीनचं विमान. हे गुडघे काही मला परत आणायचे नाहीत. विमानतळावर तरी भेट, बाबा."

शुक्रवारी मिनिटरावांनी साडेबाराचं विमान धरलं. पोचायची छापील वेळ दोन चाळीस. पण छापील वेळ जनतेसाठी. खरी सव्वाएकची, ती त्यांना पाठ होती.

सव्वाएकला विमान ताईच्या शहरावर आलं आणि घिरट्या घालू लागलं. खाली उभं राहायला जागा मिळणार होती ती वेळापत्रकाच्या बेताने, अडीचला.

"अहो, माझी बहीण खाली वाट बघतेय!" मिनिटराव हवाई सुंदरीला म्हणाले.

"सर, आपण अजिबात उशिरा नाही," ती गोड हसली.

"कुठल्या गाढवाने ठरवली ही वेळ?" शेजारचे आजोबा करवादले. मिनिटराव खिडकीबाहेर बघू लागले.

अडीचला चाकं टेकली. "आपण दहा मिनिटं आधी पोचलो आहोत!" अशी घोषणा झाली, आणि कडाडून टाळ्या पडल्या. आजोबांच्या सगळ्यांत मोठ्या.

मिनिटरावांनी ताईला फोन लावला.

"एक वाजल्यापासून दाराकडे डोळे लावून बसले होते रे," ताई म्हणाली. "दोनला तपासणी करून आत घेतलं. आता बाहेर सोडत नाहीत. जाऊ दे... जेवलास का तू?"

मिनिटरावांना भर विमानात रडू फुटलं.

उतरताना अभिप्रायाचे फॉर्म भरून घेतले. एक ओला फॉर्म सोडला तर सगळ्यांनी 'अत्यंत समाधानी'वर खूण केली. त्या जोरावर कंपनीने पुढल्या महिन्यापासून छापील वेळ तीन तास केली आहे. आणि वाचकहो, पलीकडच्या खिडकीजवळचा, टाळ्यांबद्दल चार ओळी जास्तीच्या लिहिलेला फॉर्म तुमचाच ना? अक्षर सुरेख आहे हो. कंपनीने तो आदेशाला जोडलाय.