छापा, काटा आणि ड्रायर

हॉटेलच्या दरवानाचा कोट धुऊन परत गेला, तो एक पितळी बटण गमावून. उरलेल्या बटणांच्या कडा वर वळून त्यांच्या छोट्या वाट्या झाल्या होत्या. हॉटेलचे मॅनेजर कोट हातात धरूनच लॉन्ड्रीत आले.

"शेठ, हे काय आहे?"

"कोट," लॉन्ड्रीवाले म्हणाले.

"ते मलाही दिसतंय. बटण कुठंय?"

"साहेब, दरवान दिवसभर दारात उभा असतो. कंटाळला की माणूस बटणाशी चाळा करतो. तुटायचंच मग."

"आणि ही वाकली कशी? चावतो का तो?"

"आता दुसऱ्याच्या सवयींबद्दल मी काय बोलणार?"

मॅनेजरांनी कोट इस्त्रीच्या टेबलावर आपटला. "करार या महिन्यात संपतोय. मालकांना मी दुसरी लॉन्ड्री बघायला सांगणार आहे," असं म्हणून ते तरातरा निघून गेले.

लॉन्ड्रीवाल्यांनी दुकानभर नजर फिरवली. चादरी, पडदे, टेबलक्लॉथ, गणवेश, सगळं काम त्या एका हॉटेलचं. ते गेलं तर दुकानात शेजारपाजारचे चार शर्ट आणि ही नवरा-बायको, एवढंच उरणार होतं.

"अहो, बटणं ड्रायरच खातोय," त्यांची बायको म्हणाली. "ड्रमच्या कडेची पट्टी झिजलीय. केवढी फट पडलीय तिथं! मिस्त्रीला बोलवा."

"मिस्त्री येणार, ड्रायर उघडून ठेवणार आणि पट्टी आणतो म्हणून गायब होणार. आधी करार होऊ दे, मग बघू."

हा त्यांचा स्वभावच होता. दाढ दुखायला लागली की ते दुसऱ्या बाजूने जेवायचे, आणि वर दाढ बरी झाली म्हणून सगळ्यांना सांगायचे.

दुसऱ्या दिवशी ड्रायरच्या मागे झाडताना त्यांना एक नाणं सापडलं. त्यांनी गल्ल्यातलं तेवढ्याच किमतीचं नाणं काढून शेजारी ठेवलं. सापडलेलं नाणं आकाराने लहान, पण कडेला चांगलंच जाड होतं. अक्षरं कडेला अशी चिकटली होती की अर्धी आत गेली की काय असं वाटावं.

"अगं, इकडे ये! हे बघ काय मिळालंय!"

बायकोने लांबूनच बघितलं. "खोटं असेल. द्या टाकून."

"खोटं नाही, चुकलेलं आहे! टांकसाळीत लाखांत एखादं नाणं चुकतं आणि तसंच बाहेर पडतं. शौकीन लोक जीव टाकतात असल्या नाण्यावर."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"मोबाईलवर बघितलंय मी."

मोबाईलवर बघून याच माणसाने मागे घरातली इस्त्री उघडली होती, ती अजून तशीच उघडी पडली आहे. पण या वेळी त्यांचं डोकं भलतंच जोरात चाललं. हॉटेलच्या मालकांना जुन्या-विचित्र नाण्यांचा नाद आहे, हे सगळ्यांना माहीत होतं. लॉन्ड्रीवाल्यांनी नाणं स्वच्छ पुसलं, मलमलीत गुंडाळलं आणि थेट मॅनेजरांच्या हातात ठेवलं.

"टांकसाळीत चुकलेलं नाणं आहे, साहेब. मालकांना तुमच्या हातूनच द्या. माझं नावही घेऊ नका."

मॅनेजर विरघळले. मालक तर त्याहून विरघळले. त्यांनी नाणं हॉटेलच्या काउंटरवर काचेच्या पेटीत ठेवलं, वर छोटा दिवा लावला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला "आमच्या मॅनेजरांनी शोधून आणलं" असं सांगायला सुरुवात केली. बटणांचा विषय मागे पडला.

मग एका दुपारी, दुकानातली सगळी मशिनं घरघरत असताना, मॅनेजरांचा फोन आला.

"शेठ, आमच्याकडे नाण्यांचे एक व्यापारी उतरलेत. त्यांनी पेटीतलं नाणं नीट बघितलं. मला बाजूला घेऊन म्हणाले, नाणं खर..."

आणि फोन तुटला.

"ऐकलंस?" लॉन्ड्रीवाल्यांनी आनंदाने टेबलावर हात मारला. "नाणं खरं आहे! व्यापाऱ्याने सांगितलं!"

"परत फोन करून नीट विचारा तरी."

"खरं म्हटल्यावर आणखी काय विचारायचं?" ते म्हणाले आणि त्याच झोकात त्यांनी मॅनेजरांना निरोप धाडला, 'नव्या करारात दर थोडे वाढवावेत. आता आपलं घरचंच नातं.'

निरोप वाचून बायकोने कपाळावर हात मारला. नवरा मिस्त्रीला बोलावणार नाही हे तिला कळून चुकलं होतं, म्हणून तिने स्वतःच त्याला बोलावलं. मिस्त्रीने ड्रायर उघडला तेव्हा फटीतून बटणं घरंगळत आली. पितळी, प्लास्टिकची, गुंडाळलेली, चेपलेली. ओंजळ भरली. मिस्त्री नवी पट्टी बसवून स्क्रू फिरवायला लागला, तेवढ्यात मॅनेजर धावत आत आले आणि त्यांनी आपल्यामागे दार लावून घेतलं.

"दर वाढवा म्हणताय? शेठ, ते नाणं खराब आहे, खराब!"

"पण फोनवर तुम्हीच तर खरं म्हणालात!"

"खराबच म्हणालो मी! 'ब' तुमच्या मशिनांनी खाल्ला!"

लॉन्ड्रीवाले मळक्या चादरींच्या गाठोड्यावर बसले.

"व्यापारी म्हणाले, नाणं खोटं नाही," मॅनेजर धापा टाकत सांगायला लागले. "धातू बरोबर, कडेला ओतीव खोट्या नाण्यावर असतो तसा साच्याचा जोड नाही. टांकसाळीची चूकही नाही. हे चांगलं धडधाकट जन्मलं आणि नंतर कुठंतरी गरगर फिरून कडेवर मार खात राहिलं, म्हणून आखडलं. मग त्यांनी आमच्या दरवानाचं तसंच कडा वळलेलं बटण बघितलं आणि हसायलाच लागले."

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. बायकोने ओंजळ पुढे केली. "साहेब, चूक आमचीच आहे. दरवानाचा काही दोष नाही. ही बघा तुमची बटणं."

"बटणं राहू द्या हो, वहिनी! मालकांना यातलं काहीच ठाऊक नाही, त्यांना जोडी हवीय!"

"कसली जोडी?"

"नाण्यांची! पेटीत एकच नाणं आहे. छापा दिसला की काटा दिसत नाही, काटा दिसला की छापा. मालक म्हणतात, तुम्ही एक आणलंत, आता दुसरं आणा. शेठ, मी चांगलं नवं नाणं आणलंय. टाका त्या फटीत आणि द्या फिरवत. बटणं गेली तरी चालतील, दरवानाला मी दोऱ्या लावून देतो!"

"अजिबात नाही," बायको म्हणाली. "आधीचं चुकून झालं, ते नुसतं खराब होतं. हे मुद्दाम करून मालकांना द्यायचं म्हणजे खोटंच की!"

"वहिनी, करार अजून व्हायचाय," मॅनेजर हळूच म्हणाले.

मिस्त्रीने ड्रायरमागून डोकं काढलं. "शेवटचा स्क्रू आवळू, का तसाच सैल ठेवू?"

लॉन्ड्रीवाल्यांनी एकदा हॉटेलच्या गाठोड्यांकडे बघितलं, एकदा बायकोकडे. सगळा धंदा त्या स्क्रूवर लटकला होता आणि ती त्यांच्याकडे डोळे मोठे करून बघत होती. तिच्यापुढे खाली मान घालायची त्यांना मनापासून लाज वाटली.

"आवळ," ते म्हणाले. आवाज कापला, पण म्हणाले.

"मग करार गेला समजा!" मॅनेजर ओरडले. "मालकांना सांगतो की... की बटणं तुटतात. ते विचारतील, कशाने? मी म्हणणार, ड्रायरने. मग ते बटण बघणार... मग पेटीतलं नाणं बघणार..." बोलता बोलता त्यांचा आवाज बारीक होत गेला आणि तेही गाठोड्यावर, लॉन्ड्रीवाल्यांच्या शेजारी टेकले.

मॅनेजरांनी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं.

"करार चालू राहू द्या," शेवटी मॅनेजर म्हणाले. "दर मात्र जुनेच."

"जुनेच," लॉन्ड्रीवाले म्हणाले.

"पण जोडीचं काय? मालकांना मी काय सांगू?"

पलीकडे मिस्त्रीने स्क्रूला शेवटचा पीळ दिला.

"सांगा," लॉन्ड्रीवाले म्हणाले, "टांकसाळ बंद पडली."