रस्तेझाडणीचा मक्ता आणि धुरपदाबाई नाइकीण

श्रीगणाधिपास नमन, शारदेस नमन, आणि ज्यांच्या हातांनी वाट निर्मळ होते त्यांस नमन. शके सोळाशे सत्त्याण्णव, मन्मथनाम संवत्सरे, कार्तिक शुद्ध सप्तमीपासोन नगरात जे वर्तले ते लिहितो.

ते समयी नगर बहुत वाढले, आणि पेठांतून केर इतका साठला की खुद्द हुजुरांची पालखी कांदेबाजारात घसरली. मग आज्ञा जाहली की रस्तेझाडणी मक्त्याने द्यावी. दवंडी फिरली आणि तीन मक्तेदार सदरेस आले. कारभारी मंडळींनी अटी लिहावयास घेतल्या, आणि खराट्याचा दांडा किती हात असावा याजवर तीन दिवस वाद घातला. खराटा धरणाऱ्यांस मात्र कोणी पुसिले नाही.

नगरात धुरपदाबाई म्हणोन झाडणाऱ्यांची नाइकीण होती. चाळीस माणसे तिच्या हाताखाली राबत. मक्त्याची वार्ता ऐकोन तिने ताडिले, की मक्तेदार आपली माणसे आणील आणि आमच्या चाळीस चुली विझतील. मग ती पदर खोचून थेट सदरेस गेली. चोपदार आडवा जाहला, परंतु कोतवाल आबाजीपंत यांनी आत घेतले. बाई बोलली, "सरकार, तुम्ही लिहिलंय की बाजार भर दुपारी झाडावा. तेव्हा तिथं पाय ठेवायला जागा नसते. झाडायचं कुणाला, गिऱ्हाइकांना?" सदर हसली. मग बाईने हात जोडिले, "मक्ता कुणालाही द्या, पण माणसं हीच राहतील अशी अट घाला." ते ऐकोन दोघे मक्तेदार तोंडे वाकडी करून उठून गेले. तिसरा, येसाजी निंबोरे, बसून राहिला आणि बोलिला, "बाई, उद्या पहाटे मला तुमचे रस्ते दाखवा. मग सांगतो."

दुसरे दिवशी उजाडता दोघे निघाली. हलवायांच्या गल्लीत तेलावर आधी राख टाकावी, सराफकट्टा चढाकडोन उताराकडे झाडावा, ऐसे बाई सांगत गेली. येसाजीने हौसेने खराटा घेतला आणि वाऱ्याच्या तोंडाशी झाडू लागला, तो सगळी धूळ मिशांत. बाई म्हणाली, "शेट, वाऱ्याशी भांडू नका. त्याला पाठीवर घ्या." येसाजी शिंकत हसला, आणि तळहातास फोड येईतो झाडीत राहिला.

मग सदरेस येऊन बोलिला, "हुजूर, मक्ता घेतो. परंतु ही चाळीस माणसे माझी, आणि त्यांवर नाइकीण हीच बाई. मला गाड्या-बैल कळतात, रस्ता हिला कळतो." हुजूर बहुत संतोषले, येसाजीस विडा दिला, बाईस लुगडेचोळी दिली.

भर दुपारची अट काढोन मार्गशीर्ष प्रतिपदेस पहाटे नवी झाडणी सुरू जाहली. पूर्वी केर डोईवर पाट्यांतून वाहात, आता बैलगाड्या आल्या. म्हातारी गोजराबाई मान चोळीत म्हणाली, "धुरपदे, आज डोकं माझं मला परत मिळालं गं." धुरपदाबाईस नाइकिणीने नुसते पाहात उभे राहावे ऐसा हुकूम होता, परंतु हात शिवशिवू लागले. मग तिने एकीचा खराटा घेतला आणि भाजीबाजार स्वहस्ते झाडिला, आणि पहिली भाजीवाली टोपली टेकवून म्हणाली, "अगं बाई, इथं फरशी होती होय!"

ऐसा मक्ता सिद्धीस गेला. रस्ते निर्मळ राहिले, चाळीस घरी चुली पेटत्या राहिल्या, आणि धुरपदाबाई समाधान पावली. घडले ते इतकेच, तैसेच लिहिले.