बुटांसाठी दलदल

शेजारच्या लहान देशावर चाल करून जाण्याचा त्या बलाढ्य देशाचा कोणताही इरादा नव्हता. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे इतिहासकारांनी तेल, वंश, जुनी वैरं असं बरंच काही उकरून काढलं आणि त्यावर जाडजूड ग्रंथ लिहिले. वस्तुस्थिती एवढीच होती, की देशाकडे बूट होते.

बूट भारी होते. गुडघ्याखालपर्यंत येणारे, रुंद तळव्याचे, चिखलात रुतू नयेत म्हणून खास घडवलेले. संरक्षण भांडारात त्यांचे ढीग छपराला टेकले होते आणि नव्या रबराचा वास रस्त्यापलीकडच्या बेकरीतल्या पावाला लागत होता. खरेदी रीतसर झाली होती. निविदा निघाली, नमुना मंजूर झाला, फाइल खालून वर गेली, वरून खाली आली, वाटेत जो भेटला त्याने सही केली. फक्त एक गोष्ट कोणाच्या लक्षात आली नाही. त्या देशात दलदल नव्हती. डोंगर होते, माळ होता, वाळवंटाचा एक तुकडाही होता. पण पाय रुतावा असा चिखल औषधालाही नव्हता.

लक्षात आलं ते लेखापरीक्षकाच्या, कारण त्याला पगारच त्याचा होता. त्याने सभ्य भाषेत आक्षेप नोंदवला: "दलदलीत वापरावयाचे बूट खरेदी केल्याचे दिसते. दलदल कोठे आहे, याचा खुलासा व्हावा."

सरकारी आक्षेप कशावरही असो, तो आधी प्रयोगशाळेत पाठवतात. तिथली माणसं उलट बोलत नाहीत. रबर तपासणी प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईही त्यातल्याच. मोजल्याशिवाय बोलायचं नाही आणि मोजल्यावर शब्द फिरवायचा नाही, हा त्यांचा स्वभाव. त्या दिवसांत तर त्यांच्या डोक्यात बुटांना जागाच नव्हती. एकुलती एक मुलगी लग्न करून शेजारच्या त्याच लहान देशात गेली होती. नदी समुद्राला मिळते तिथे, दलदलीच्या काठावर तिचं घर. पोरीचे दिवस भरत आले होते. बाईंनी रजा घेऊन ठेवली होती, दुपटी शिवून झाली होती. प्रवासाचा परवाना तेवढा हातात यायचा होता.

बाईंनी बूट यंत्रावर चढवले, कोरड्या मातीवर चालवले, उन्हाइतक्या उष्णतेत ठेवले. तळवे तडकले. त्यांनी लिहिलं: "चिखलात उत्कृष्ट. कोरड्या जमिनीवर निरुपयोगी."

भांडारप्रमुख धावतच प्रयोगशाळेत आले. "बाई, हे 'निरुपयोगी' जरा मवाळ करता येईल का?"

"किती मवाळ?"

"म्हणजे... 'उपयोगी' इतकं."

बाईंनी तडकलेला तळवा त्यांच्या हातात दिला. भांडारप्रमुखांनी तो उलटसुलट करून पाहिला, नाकाला लावला आणि खुर्चीत बसकण मारली. "मेलो," ते म्हणाले. "निवृत्तीच्या तोंडावर मेलो."

मग संरक्षण खात्यात बैठक भरली; अहवालासकट बाईंनाही बोलावलं होतं. सचिव अत्यंत शांत डोक्याचे गृहस्थ होते; त्यांच्या खात्यात जे काही अनर्थ झाले ते सगळे शांत डोक्याने झाले होते.

"आपल्यापुढे दोनच शक्यता आहेत," सचिव म्हणाले. "एक तर बूट चुकले, नाही तर देश चुकला. बुटांवर माझी सही आहे, मंत्रीमहोदयांची आहे, इथे बसलेल्या सगळ्यांची आहे. देशावर कोणाची सही आहे?"

देशावर कोणाचीच सही नव्हती. तेव्हा चूक कोणाची, हे ओघानेच ठरलं.

भांडारप्रमुखांनी सुचवलं, की संचलनाच्या मैदानावर पाणी सोडून आपणच दलदल करावी. पाणीपुरवठा खात्याला फोन लावला. तिकडून उत्तर आलं, की नागरिकांना प्यायलाच पाणी नाही, सरकारला रुतायला कुठून देणार? फोन ठेवता ठेवता सचिवांची नजर भिंतीवरच्या नकाशाकडे गेली.

"ही कडेची हिरवट जागा कसली?"

"दलदल आहे साहेब. पण ती शेजाऱ्यांची."

"हं," सचिव म्हणाले. जागा पसंत पडावी आणि आत भाडेकरू असल्याचं कळावं, तसा तो हुंकार होता.

बाईंनी विचारलं, "साहेब, म्हणजे हल्ला करायचा?"

"छे छे! आपण सुसंस्कृत देश आहोत. नुसती धमकी द्यायची. धमकी दिली की तयारी आली. तयारी आली की बूट वाटले. बूट वाटले की आक्षेप मिटला. सैनिकांनी बूट घालून सीमेवर उभं राहायचं, बस्स. शेजाऱ्यांच्या केसालाही धक्का नाही."

नाल सापडली म्हणून घोडा विकत घेणारी माणसं असतात. ही मंडळी घोडा चोरायला निघाली होती आणि त्याला चोरी म्हणायला तयार नव्हती. आता हवं होतं फक्त कारण. कोणी म्हणालं, त्यांचे डास आपल्याकडे येतात. कोणी म्हणालं, आपले पक्षी थंडीत तिकडे जातात, त्यांना फूस लावली जाते. सचिवांना दोन्ही पटेनात. डासांवर कविता होत नाही, म्हणाले. आणि पक्षी परत येतात.

"बाई, तुम्ही शास्त्र शिकलेल्या. हा चिखल मुळात होतो कसा?"

आयुष्यभर विचारलेल्या प्रश्नाला बरोबर उत्तर देत आलेल्या माणसाची जीभ त्याच्या मालकीची राहत नाही. बाई म्हणाल्या, "नदीच्या गाळाने. नदी आपल्या डोंगरात उगम पावते, इथली माती वाहून नेते आणि समुद्राजवळ वेग मंदावला की ती तिथे साचते."

आपण हात दाखवून अवलक्षण केलं, हे बाईंना कळलं तोवर सचिव उठून उभे राहिले होते.

"म्हणजे माती आपली!"

"मूळची," बाई घाईने म्हणाल्या. "पण साहेब, हजारो वर्षं..."

"हजारो वर्षं! हजारो वर्षं ते आपली माती वापरतायत आणि आपण गप्प?"

दुसऱ्या दिवशी धमकी गेली. 'आमची माती परत करा' अशा पाट्या चौकाचौकांत लागल्या. शाळांमध्ये मुलांकडून मातीवर निबंध लिहून घेतले गेले. एका गायकाने गाणं म्हटलं, त्यात माती आईला हाक मारते. सचिवांचं बरोबर होतं; डासांवर हे जमलं नसतं.

बाईंच्या इमारतीची लिफ्ट कित्येक महिने बंद होती आणि दर रविवारी त्यावरून रहिवाशांची भांडणं व्हायची. त्या रविवारी कोणी लिफ्टचं नावही काढलं नाही. लोक जिने चढत होते, धापा टाकत होते आणि प्रत्येक मजल्यावर थांबून मातीबद्दल बोलत होते.

"वहिनी, कोणाला सांगत नाही," शेजारीण कानाशी लागून म्हणाली, आणि सगळ्या जिन्याला ऐकू गेलं, "पण शोध तुमचाच ना? अभिमान वाटतो हो!"

घरात नवरा पेपर बाजूला ठेवून म्हणाला, "जन्मभर रबर ताणलंस. शेवटी देश ताणलास."

"मी फक्त नदीबद्दल बोलले."

"तेच तर. गप्प बसणाऱ्या माणसाने एकदाच बोलावं आणि तेही सरकारपुढे!"

तेवढ्यात मुलीचा फोन आला.

"आई, इथे बातम्यांत सांगतायत, आमच्या घराखालची माती तुमची आहे म्हणे."

"शास्त्रीयदृष्ट्या पाहिलं तर..."

"आई!"

"हो गं, ऐकतेय."

"आणि घर कोणाचं?"

"घर तुमचंच."

"मग माती नेल्यावर ते ठेवायचं कशावर?"

विचारून मुलगीच हसली, मग म्हणाली, "परवाना आला का गं? डॉक्टर म्हणाल्या, आता कधीही."

परवाना आला नाही. त्याऐवजी नकार आला. उभय देशांतले संबंध तणावपूर्ण असल्याने खासगी प्रवासास मनाई होती.

बाई तडक सचिवांकडे गेल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी वेळ न ठरवता कोणाचा दरवाजा ढकलला.

"साहेब, दोष माझ्यावर घाला. नमुना माझ्याच प्रयोगशाळेने मंजूर केला होता. लिहा, बाईंची चूक झाली. माझी नोकरी घ्या, निवृत्तिवेतन थांबवा. बूट निकालात काढा आणि धमकी मागे घ्या."

सचिवांनी त्यांना बसायला सांगितलं, पाणी मागवलं. ते खरोखर सज्जन होते. "बाई, तुमचा त्याग वाया जाईल. आक्षेप कालच मिटला. लेखापरीक्षकाने शेरा दिला, की खरेदी दूरदृष्टीची."

"मग तर प्रश्नच मिटला. सैनिकांना परत बोलवा."

"आणि लोकांना सांगू काय? की बूट होते?"

"हो. खरं तेच."

सचिवांनी त्यांच्याकडे मायेने पाहिलं. "बूट निकालात काढायचे तर कोणी तरी जबाबदार धरावा लागतो. युद्धाचं तसं नाही. युद्धाला शेजारी जबाबदार असतो. शिवाय आता एक तांत्रिक अडचण आली आहे. सीमेवर आपल्या बाजूची जमीन कोरडी खडखडीत. उभं राहून राहून बूट तडकायला लागलेत. तुमच्याच अहवालाप्रमाणे."

"मग काढून ठेवा ना!"

"काढले तर पुन्हा आक्षेप. बूट वाचवायचे तर ओल्या जमिनीवर न्यायला हवेत. चार पावलं पुढे, बस्स. त्याला काही हल्ला म्हणत नाहीत. देखभाल म्हणतात."

बाई तिथून निघाल्या त्या थेट वर्तमानपत्राच्या कचेरीत. संपादकाने सगळं ऐकून घेतलं. बूट, आक्षेप, गाळ, चार पावलं.

"हे सगळं खरं?"

"अक्षरन् अक्षर."

"तिथेच तर पंचाईत आहे. इतकं खरं पहिल्या पानावर चालत नाही. तिथे लोकांना पटेल असं छापावं लागतं." त्याने डोकं खाजवलं. "रविवारच्या पुरवणीत टाकतो. विनोदाच्या पानावर. तिथे खरं छापायला बंदी नाही."

"पण लोक ते गंभीरपणे घेतील?"

"वाचतील, बाई. गंभीर पान कोण वाचतं?"

संपादक शब्दाला जागला. एक स्वल्पविरामही इकडचा तिकडे झाला नाही. रविवारी सकाळी इमारतीच्या गॅलऱ्यांतून हशा फुटत होता. लोक एकमेकांना वाचून दाखवत होते. शेजारीण दारातच भेटली.

"वहिनी, काय लिहिलंय हो! 'देशावर कोणाची सही आहे?' पोट दुखलं हसून."

"ते खरं घडलंय."

"म्हणून तर हसू येतं!" शेजारीण म्हणाली. "अगदी असंच चालतं हो आपल्याकडे. बरं झालं कोणी तरी बोललं."

सगळ्यांना सगळं कळलं होतं. बूट कळले, सह्या कळल्या, गाळही कळला. आपल्यावर राज्य करणारी माणसं काय लायकीची आहेत हे पुन्हा एकदा सिद्ध झाल्यामुळे लोकांना फार बरं वाटत होतं. मनमुराद हसून झाल्यावर माणसाला आपण निषेध नोंदवल्यासारखं वाटतं. अंग हलकं होतं, भूकही चांगली लागते.

दुपारी मुलीचा फोन आला. मागे गाड्यांचे आवाज होते, कोणी तरी घाईने हाका मारत होतं.

"आई, तुझं इथेही छापून आलंय. दवाखान्यात सगळे हसत होते. नर्ससुद्धा."

"दवाखान्यात? तू आहेस कुठे?"

"गाडीत. दवाखाना रिकामा करतायत. कळा सुरू झाल्यात गं, पण डॉक्टर म्हणतात, पुढच्या गावापर्यंत धीर धर." ती थांबली, दात आवळून श्वास घेतला. "लांबून दिसतायत ते. आई, बूट खरंच चांगले आहेत. अजिबात रुतत नाहीत."

बाई फोन घेऊन खिडकीपाशी गेल्या.

"आई, तिकडे लोकांना आवडलं का?"

"खूप हसले."

"मग आता? हसून झाल्यावर काय करतायत?"

बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या गॅलरीत एक सुशिक्षित, समंजस वाचक हसून हसून डोळ्यांत आलेलं पाणी रुमालाने पुसत होता.

"पुढचं पान वाचतायत," बाई म्हणाल्या.